इंजिन धावते, गाडी धावत नाही

मोटारसायकलीची बहुतेक दुखणी उघड बोलणारी असतात. चाकात खिळा गेला तर चाक बसते, पेट्रोल संपले तर गाडी खोकत खोकत थांबते, ब्रेक घासला तर तो ओरडून सांगतो. पण एक दुखणे असे आहे की, त्यात इंजिन नेहमीपेक्षा अधिक आवेशाने गर्जू लागते आणि गाडी मात्र मागे मागे पडत जाते. चालकाला वाटते, इंजिन तर ठणठणीत आहे. मग गाडी ओढत का नाही? गॅरेजमधील मंडळी या दुखण्याला ‘क्लच स्लिप होतो’ असे म्हणतात. आपण ‘क्लच घसरतो’ असे म्हणू. तो का घसरतो, घसरतो आहे हे कसे ओळखावे, आणि मिस्त्रीच्या हाती गाडी व पैसे सोपवण्यापूर्वी आपल्याला स्वतः काय काय पाहता येते, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या विषयाचा पहिला धडा मला कोणा इंजिनिअरने दिला नाही. तो दिला माझ्या वडिलांनी, आणि तोही त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. १९९४ सालचा मे महिना होता. आमचे घर साखरप्याजवळ, आंबा घाटाच्या पायथ्याशी. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रियेची वेळ दिली होती. एस. टी. चुकली, म्हणून मी त्यांना मोटारसायकलीवर मागे बसवले आणि उतरत्या दुपारी घाटाला लागलो. काही वळणे ठीक गेली. मग मागून मालाने भरलेला एक ट्रक भोंगा वाजवीत आला. त्याच्या पुढून निघून जावे म्हणून मी मूठ पिळली. इंजिन किंचाळले, पण गाडीने वेग धरला नाही. उलट ती मंदावत गेली. नाकाला जळका वास आला. डाव्या हाताला कठडा होता, त्यापलीकडे दरी. ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. मी गाडी कडेला घेतली तेव्हा माझे हात कापत होते.

अण्णांनी आयुष्याची तीस वर्षे भाताची गिरणी चालवली होती. डोळे गेले तरी कान शाबूत होते. ते शांतपणे म्हणाले, “अरे, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. गिरणीचा पट्टा घसरतो तेव्हा इंजिन असंच मोकळं ओरडतं. पट्टा सरकवायची दांडी पुरती सुटली आहे का, ते आधी बघ.”

ज्यांनी जुन्या गिरण्या पाहिल्या असतील त्यांना या बोलण्याचा अर्थ लगेच कळेल. तेथे एकाच आसावर दोन कप्प्या शेजारी शेजारी असत. एक आसाला घट्ट बसवलेली, दुसरी सुटी. पट्टा सुट्या कप्पीवर असला की इंजिन चालते, पण गिरणी स्वस्थ उभी राहते. एका लाकडी दांडीने पट्टा घट्ट कप्पीवर सरकवला की गिरणी फिरू लागते. दांडी मधेच कोठे अडली तर पट्टा धड ना इकडे, धड ना तिकडे. तो घसरतो, तापतो आणि त्याला वास सुटतो. मोटारसायकलीचा क्लच नेमके हेच काम करतो. इंजिन चालू ठेवून चाकाला त्यापासून हवे तेव्हा तोडणे व हवे तेव्हा जोडणे, एवढेच त्याचे कर्तव्य. आपल्या डाव्या मुठीजवळचा लिव्हर म्हणजे ती गिरणीची दांडी.

आता हे काम आतल्या आत कसे चालते ते पाहू. मोटारगाडीत बहुधा एकच मोठी क्लच-प्लेट असते आणि ती कोरडी असते. आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींत मात्र अनेक लहान प्लेटा इंजिनाच्याच तेलात भिजत फिरतात. कल्पना करा की, पाच पत्रावळी आणि चार पोलादी ताटल्या एकाआड एक रचल्या आहेत. पत्रावळींच्या कडा एका माणसाने बाहेरून धरल्या आहेत. ताटल्यांना मधोमध चौकोनी भोक आहे आणि त्या सगळ्या एका चौकोनी खुंटीत ओवल्या आहेत. ही चळत सैल असेल तर बाहेरचा माणूस पत्रावळी खुशाल फिरवू शकेल. खुंटी जागची हलणार नाही. पण वरून जड पाटा ठेवला की पत्रावळी आणि ताटल्या एकमेकींना चिकटतील आणि सगळी चळत खुंटीसह एकजीव होऊन फिरेल. यांतला बाहेरचा माणूस म्हणजे इंजिनाकडून फिरणारे क्लचचे हाउसिंग. खुंटी म्हणजे गिअरबॉक्सकडे जाणारा गाभा. पत्रावळी म्हणजे घर्षणाचा थर लावलेल्या क्लच-प्लेटा. आणि पाटा म्हणजे चार ते सहा स्प्रिंगांनी दाबलेली प्रेशर-प्लेट. आपण लिव्हर ओढतो तेव्हा हा पाटा किंचित उचलतो. सोडतो तेव्हा स्प्रिंगा तो पुन्हा दाबतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गाडी चालते ती आपण लिव्हर दाबल्यामुळे नव्हे, तर सोडल्यामुळे. पकडण्याचे काम स्प्रिंगांचे. आपला हात फक्त त्यांच्या कामात खंड पाडतो. आणि ही पकड किती बळकट असेल हे प्लेटांची संख्या व व्यास, त्यांच्या पृष्ठभागांतील घर्षण आणि स्प्रिंगांचा दाब या तिन्हींवर ठरते. यांपैकी पहिली गोष्ट कारखान्यात ठरून गेलेली असते. म्हणजे क्लच घसरू लागला तर मूळ कारणे दोनच उरतात. एक तर दाब कमी पडतो आहे, नाही तर पृष्ठभाग निसरडे झाले आहेत. सारी तपासणी या दोन प्रश्नांभोवती फिरते, आणि एवढे मनात पक्के असले म्हणजे माणूस गोंधळत नाही.

पण आधी रोगाची खात्री करून घेतली पाहिजे. गाडी ओढत नाही म्हणजे क्लचच गेला, असे नव्हे. इंजिनाची शक्ती कमी झाली असेल तर मूठ पिळूनही इंजिनाचा आवाज चढत नाही. ते दबल्यासारखे चालते. ब्रेक चिकटत असेल तर गाडी ढकलतानाच जड लागते आणि चाकाचा ड्रम किंवा डिस्क तापलेली असते. क्लच घसरतो तेव्हाची खूण वेगळी. इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज चढतो, पण वेगाचा काटा त्या प्रमाणात हलत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर सर्वांत वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना मूठ एकदम पिळून पाहावी. इंजिनाचा सूर आधी उंच गेला आणि गाडी मागाहून सावकाश आली, तर शंका खरी समजावी. ज्या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असतो, तीत हे डोळ्यांनाही दिसते.

दुसरी परीक्षा उभ्या गाडीची. मोकळ्या सपाट जागी, पुढे कोणी नाही असे पाहून, गरम इंजिनावर सर्वांत वरचा गिअर टाकावा. दोन्ही ब्रेक घट्ट दाबून, थोडीशी मूठ पिळून लिव्हर सोडावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे. ते तसेच फिरत राहिले तर प्लेटा एकमेकींवरून सरकत आहेत. ही परीक्षा एकदाच करावी; वारंवार केल्यास परीक्षेनेच रोग वाढतो. मद्रासला १९५५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनापर्यंत जातो. तेथे किक मारताना पाय पोकळ जात असेल तर तीही एक खूण ठरते. नव्या धर्तीच्या पुष्कळ गाड्यांत मात्र किकचा मार्ग वेगळा असल्यामुळे ही खूण लागू पडत नाही.

क्लच घसरणे प्रथम घाटात आणि वरच्या गिअरमध्येच का जाणवते, हेही सांगितले पाहिजे. क्लच गिअरबॉक्सच्या आधी बसलेला असतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाने थोडा जोर लावला तरी गिअर तो अनेक पटींनी वाढवून चाकाला देतात. वरच्या गिअरमध्ये तोच चढ चढायचा तर इंजिनाला आणि म्हणून क्लचलाही कितीतरी अधिक जोर सोसावा लागतो. अशक्त क्लच तेथेच हार मानतो. यातच अडचणीच्या वेळेचा उपायही आहे. वाटेत क्लच घसरू लागला तर खालचा गिअर घ्यावा, मूठ हलकी ठेवावी आणि सावकाश जावे.

आता कारणे क्रमाने पाहू. क्रम असा की, जे फुकट व सोपे ते आधी. जे खर्चाचे व कष्टाचे ते शेवटी.

सर्वांत पहिली केबल. लिव्हर पूर्ण सोडलेला असताना केबल किंचित सैल असली पाहिजे. लिव्हरचे टोक थोडे हलते, आणि मगच केबल ताणली जाऊन स्प्रिंगांचा विरोध लागतो. या सैल हालचालीला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. पुष्कळ लहान गाड्यांच्या पुस्तिकांत हा प्ले लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. प्ले मुळीच नसेल तर त्याचा अर्थ असा की, आपण हात लावला नाही तरी केबल पाटा उचलून धरीत आहे. स्प्रिंगा बिचाऱ्या दाबू पाहतात आणि केबल त्यांना दाबू देत नाही. हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवूनही प्ले तपासावा, कारण केबल चुकीच्या वाटेने नेलेली असल्यास ती एका बाजूला ताणली जाते. केबलचे गंजलेले आवरण, वाकलेला लिव्हर, आतल्या दांडीचे चिकटणे, यांमुळेही लिव्हर पुरता परत येत नाही. लिव्हरजवळचा किंवा इंजिनाजवळचा ॲडजस्टर फिरवून, केबलला दोन थेंब तेल देऊन हे काम पाच मिनिटांत होते. मात्र प्ले वाजवीपेक्षा अधिकही ठेवू नये. मग क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना खडखडतो. काही गाड्यांत केबलऐवजी तेलाच्या दाबाने क्लच उचलला जातो. तेथे हा ॲडजस्टर शोधू नये.

या बाबतीत एक समजूत पुष्कळांची चुकते. केबल जुनी झाली की ताणून लांबते, म्हणून ती अधूनमधून घट्ट करावी, असे ते मानतात. केबल लांबते हे खरे. पण प्लेटा झिजतात तेव्हा त्यांची चळत पातळ होते, प्रेशर-प्लेट आत सरकते आणि प्ले आपोआप कमी होत जातो. म्हणजे एक कारण प्ले वाढवते, दुसरे घटवते. यासाठी सवयीने आवळण्यापेक्षा हाताने मोजून ठरवावे हे बरे.

दुसरे कारण तेल. प्लेटा ज्या तेलात फिरतात तेच तेल इंजिनालाही पुरवले जाते. मोटारगाड्यांच्या कित्येक आधुनिक तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. मोटारगाडीचा क्लच कोरडा, त्याला त्याचे काही सुखदुःख नाही. पण तेलात भिजणाऱ्या क्लचला घर्षण हाच प्राण. तेच काढून घेतले तर तो पकडणार कशाने? म्हणूनच १९९८ मध्ये जपानमध्ये मोटारसायकलींच्या तेलासाठी ‘जासो’चे वेगळे मानक ठरवण्यात आले. तेलाच्या डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ अशी अक्षरे असली तर ते अशा क्लचसाठी योग्य. ‘एमबी’ असे असेल तर ते कमी घर्षणाचे, म्हणजे ज्यांच्या इंजिनतेलात क्लच नसतो अशा स्कूटरांसारख्या गाड्यांचे. तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत क्लच घसरू लागला असेल तर प्लेटांना दोष देण्यापूर्वी तेलाचा डबा वाचावा. योग्य तेल भरून काही दिवस गाडी चालवल्यावर क्लच पुष्कळदा सुधारतो; मात्र तोवर प्लेटा जळल्या असतील तर तेलाने त्या बऱ्या होत नाहीत.

केबल व तेल निर्दोष ठरले तरच इंजिनाचे झाकण उघडावे. आधी तेल काढून घ्यावे. झाकणाचे पॅकिंग नवे आणून ठेवावे. स्प्रिंगांचे बोल्ट एकेक करून पूर्ण न काढता, समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे ढिले करावेत. लावतानाही तसेच, नाही तर दाब एकाच बाजूला येऊन गाभ्याचे खांब तुटतात. प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने स्वच्छ कागदावर मांडाव्यात.

मग तीन गोष्टी पाहाव्यात. स्प्रिंग मोकळी असताना किती लांब आहे ते मोजावे. उष्णतेने व वापराने ती बसते, आखूड होते. एक जरी मर्यादेखाली गेली असली तरी सगळ्या एकदम बदलाव्यात. दुसरे, क्लच-प्लेटांची जाडी. लहान गाड्यांत नवी प्लेट सुमारे ३ मिलिमीटर जाड असते आणि मिलिमीटरचा काही दशांश भाग झिजला की ती निकामी ठरते. म्हणून डोळ्यांनी अंदाज करू नये, व्हर्निअर कॅलिपर वापरावा. जाडी पुरेशी असूनही पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत, काळा किंवा जळका असेल तर ती प्लेट गेली असे समजावे. तिसरे, पोलादी प्लेटा. त्यांवर निळसर डाग दिसले तर त्या फार तापल्या आहेत. सपाट काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेजची पाती सरकवून त्यांचा वाकडेपणा पाहावा. पुष्कळ पुस्तिकांत ०.२ मिलिमीटर ही त्याची मर्यादा असते. प्लेट वाकलेली असली की तिचा थोडाच भाग पकडतो आणि तो भाग लवकर जळतो. नव्या प्लेटा कोरड्या बसवू नयेत. बसवण्यापूर्वी त्या इंजिनाच्या तेलात भिजत ठेवाव्यात. हाउसिंगच्या खाचांत प्लेटांच्या दातांनी खड्डे पाडले असतील तर प्लेटा सरळ सरकत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

श्रोतेहो, एवढे सारे सांगितल्यावरही सर्वांत मोठे कारण अजून राहिलेच आहे. ते इंजिनात नाही, आपल्या बोटांत आहे. गर्दीत अर्धा क्लच धरून तासन्‌तास सरपटणे, चढावर ब्रेक न लावता क्लचच्या जोरावर गाडी तोलून धरणे, आणि काही काम नसताना लिव्हरवर बोटे विसावत ठेवणे, या तीन सवयी जितक्या प्लेटा जाळतात तितक्या घाटही जाळत नाहीत. प्लेटा घसरतात तेव्हा इंजिनाची शक्ती चाकाकडे न जाता उष्णता होऊन वाया जाते. पेट्रोल तितकेच जळते, मार्ग मात्र कमी कटतो. दूध घालणारा, वर्तमानपत्रे टाकणारा किंवा गावोगाव फिरून माल विकणारा मनुष्य असेल तर त्याच्या रोजच्या मिळकतीतून हा खर्च जातो, आणि तो कोठे जातो हे त्याला कळतही नाही. एका फेऱ्याने सुटणाऱ्या केबलपायी सगळ्या प्लेटा बदलून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक वेळी मिस्त्रीने फसवलेलेच असते असे नाही. ‘गाडी ओढत नाही, प्लेटा टाका’ असे आपणच त्याला सांगतो. त्याऐवजी ‘वरच्या गिअरमध्ये चढावर आवाज चढतो, प्ले मी पाहिला आहे, तेल अमुक घातले आहे’ असे सांगितले तर चांगल्या मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो, आणि दुसऱ्या प्रकारचा मिस्त्रीही जरा जपून बोलतो.

आता घाटातली ती संध्याकाळ पुरी करतो. अण्णांच्या सांगण्यावरून मी लिव्हर बोटाने हलवून पाहिला. तो मुळीच हलेना. केबल तारेसारखी ताठ होती. आदल्या रात्री गिअर खडखडतो म्हणून मीच ती आवळली होती, आणि शहाणपणाने चार फेरे अधिक दिले होते. म्हणजे दांडी अर्धवट अडकवून ठेवणारा हात माझाच होता. मी ॲडजस्टर सैल केला. इंजिन निवेपर्यंत आम्ही दोघे कठड्याजवळच्या दगडावर बसलो. नंतर खालचा गिअर धरून, हलक्या मुठीने, ट्रकांना वाट देत देत आम्ही आंब्याला पोहोचलो, आणि रात्री उशिरा कोल्हापूरला. पुढे ते झाकण उघडले तेव्हा दोन प्लेटा चकचकीत झालेल्या निघाल्या. माझ्या चार फेऱ्यांची ती किंमत. शस्त्रक्रिया मात्र ठरल्या वेळी झाली.

डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर अण्णांनी इस्पितळाच्या आवारात उभी असलेली गाडी प्रथमच नीट पाहिली. तिच्याभोवती एक फेरी मारून त्यांनी लिव्हरला बोट लावले, तो किंचित हलला तसे समाधानाने मान डोलावली आणि म्हणाले, “यंत्राला फार आवळू नये रे. थोडी मोकळीक दिली की ते आपलं काम आपण करतं.”

गाडीवर बसण्यापूर्वी रोज एक बोट त्या लिव्हरला लावून पाहावे. त्याला क्षणभरच लागतो, आणि कधी एखाद्या घाटात तो क्षण फार उपयोगी पडतो.